जेवढं राखता येईल तेवढं

त्या दिवशी मी तिसरीच्या वर्गात फळ्यावर हातच्याची वजाबाकी लिहीत होते. म्हणजे मला तसं वाटत होतं. मागे मुलं हसायला लागली, आणि थोड्या वेळाने त्यांचं हसणं थांबलं. शेजारच्या वर्गावरच्या बाई आत आल्या आणि त्यांनी माझ्या हातातला खडू काढून घेतला. मी त्यांना विचारलं म्हणे, "आमची गाडी आली का?" सकाळचे साडेअकरा वाजले होते. गाडी यायची संध्याकाळी साडेपाचला.

त्यांनी मला ऑफिसात बसवलं आणि भरपूर साखर घातलेला चहा आणि बिस्किटं दिली. दहा मिनिटांत मी ताळ्यावर आले. बसल्यामुळे बरं वाटलं असणार, असं सगळ्यांनाच वाटलं, मलाही. मग त्या बाईंनी मोबाईलवर फळ्याचा फोटो दाखवला. सुरुवातीचे दोन आकडे नीट होते. पुढे आकड्यावर आकडा गिरवलेला, ओळ खाली उतरत गेलेली, शेवटी नुसत्या रेघा, त्याही फळ्याच्या चौकटीवर चढलेल्या. अक्षर माझंच होतं. ते पाहून मला स्वतःचीच भीती वाटली. आपण नसताना आपला हात लिहीत होता, असं काहीतरी वाटलं.

आम्ही नाशिकला सिडकोत राहतो. माझे मिस्टर अंबडच्या एका कंपनीत फिटर आहेत आणि मी विंचूरच्या बाजूला एका गावात जिल्हा परिषदेच्या शाळेवर शिक्षिका. चौघी शिक्षिका मिळून द्वारकेवरून एका गाडीने जातो-येतो. तेव्हा आमची मुलगी नववीत होती. एकच मुलगी. तोपर्यंत आमच्या घरात आजारपण म्हणजे सर्दी-ताप, फार तर डेंग्यू.

फळ्याचा प्रकार पहिला नव्हता. वर्षभर काहीतरी चाललंच होतं. सकाळी उठल्यावर डोकं जड व्हायचं, घाम फुटायचा, जीभ अडखळायची. खाल्लं की बरं वाटायचं, म्हणून मी खात सुटले होते. वजन नऊ किलोंनी वाढलं. आधी एका डॉक्टरांनी रक्तदाब तपासला आणि टेन्शन घेऊ नका म्हणून सांगितलं. मग दुसऱ्यांनी मनाच्या डॉक्टरांकडे पाठवलं. त्यांनी गोळ्या दिल्या. त्या गोळ्यांनी दिवसभर झापड यायची. शाळेत कुणाला कळू नये म्हणून मी त्या कॅल्शियमच्या डबीत ठेवत असे.

घरी काय काय होत होतं ते मला फार उशिरा समजलं. एका संध्याकाळी मिस्टर आणि मुलगी गॅलरीत हळू आवाजात बोलत होते आणि मी आत कपड्यांच्या घड्या घालत होते. मुलगी सांगत होती, "पप्पा, मम्मीने गॅस चालू केला आणि पेटवलाच नाही. नुसती उभी होती. मी बटण बंद करायला गेले तर मला ढकललं. माझं डोकं फ्रिजला लागलं. मला म्हणाली, तू कोण?"

मिस्टर म्हणाले, "तिला सांगू नको."

हातातली घडी तशीच धरून मी बसून राहिले. मुलीने सकाळची शिकवणी का लावली, मी स्वयंपाकघरात गेले की ती बाहेर का जाते, हे सगळं तेव्हा उलगडलं. माझी मुलगी मला घाबरत होती. आणि तिचं चुकत नव्हतं.

आषाढी पौर्णिमेला वर्षावास सुरू झाला. आमच्या कॉलनीतल्या बुद्धविहारात त्या दिवशी बऱ्याच बाया अष्टशील घेतात. दुपारी बाराच्या आत जेवायचं, मग दुसऱ्या दिवशी उजाडेपर्यंत काही खायचं नाही. मीही घेतलं. मन शांत होईल असं वाटलं होतं. दिवस बरा गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी मी उठलेच नाही.

मिस्टरांनी हाका मारल्या, हलवलं, तोंडावर पाणी मारलं. अंगावरची साडी घामाने भिजलेली होती. त्यांना वाटलं, मी मनाच्या डॉक्टरांच्या गोळ्या जास्त घेतल्या. मला उचलण्याआधी त्यांनी कपाटातली डबी काढून गोळ्या मोजल्या. हे त्यांनी मला पुढे कित्येक महिन्यांनी सांगितलं, आणि सांगताना माझ्याकडे पाहिलं नाही. गोळ्या बरोबर होत्या. मग ते आणि खालच्या मजल्यावरचे शेजारी, दोघांनी मिळून मला गाडीत घातलं.

कॅज्युअल्टीत एका तरुण डॉक्टर मुलीने माझ्या बोटाला सुई टोचून साखर तपासली. एकतीस. तिने पुन्हा तपासली. शिरेतून ग्लुकोज द्यायला घेतलं, आणि सिरिंज अर्धी व्हायच्या आत मी डोळे उघडले. मला छताचा पंखा दिसला आणि मिस्टरांचा उलटा घातलेला शर्ट दिसला.

"यांना डायबेटीस आहे? इन्सुलिन घेतात?" तिने विचारलं.

"नाही."

"घरात आणखी कुणी इन्सुलिन घेतं?"

"नाही."

थोड्या वेळाने दुसरे एक डॉक्टर आले. मिस्टरांना बाजूला नेऊन त्यांनी तेच पुन्हा विचारलं, जरा वेगळ्या सुरात. त्यांना काय म्हणायचंय ते मिस्टरांच्या लक्षात आलं. ते म्हणाले, "साहेब, मी कशाला असं करीन?" डॉक्टर म्हणाले, "विचारावं लागतं."

तिथून आम्हाला हार्मोन्सच्या डॉक्टरांकडे पाठवलं. त्या मॅडम माझ्याच वयाच्या असतील. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि मनाच्या गोळ्यांची चिठ्ठी बाजूला ठेवली. "तुम्हाला मानसिक काही नाही असं मला वाटतंय," त्या म्हणाल्या, "पण ते सिद्ध करायला तुम्हाला उपाशी ठेवावं लागेल. इथे ॲडमिट करून, आमच्या डोळ्यांसमोर. साखर खाली गेली की त्याच क्षणी रक्त घ्यायचं."

म्हणजे ज्याला मी घाबरत होते ते मुद्दाम घडवून आणायचं होतं. मी हो म्हटलं. पलंगावर बसून मी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत राहिले. दर थोड्या वेळाने सिस्टर यायच्या, बोट टोचायच्या आणि म्हणायच्या, "ताई, शंभरातून सात-सात वजा करत जा." त्र्याण्णव, शहाऐंशी, एकोणऐंशी. सकाळी मी न अडखळता दोनपर्यंत येत होते. दुपारी साडेतीनला बहात्तरपाशी थांबले. पुढचा आकडा मला माहीत होता, तो समोर होता, पण हाताला लागत नव्हता. मी सिस्टरांचा दंड पकडला आणि म्हणाले, "आलं." त्यानंतरचं मला आठवत नाही. तीन दिवस लागू शकतील म्हणाले होते, माझं रात्रीच्या जेवणापासून अठरा तासांत झालं.

रक्ताचा अहवाल आला. साखर रसातळाला गेली असतानाही माझं शरीर इन्सुलिन सोडतच होतं. मॅडमनी समजावलं, पोटात जठराच्या मागे स्वादुपिंड असतं, तिथे एखादी गाठ हा उद्योग करत असणार. गाठ म्हटल्यावर मिस्टरांनी खुर्चीचा हात घट्ट धरला. "कॅन्सर नसतो बहुतेक वेळा," त्या म्हणाल्या. आणि मग कागदावर पुन्हा नजर टाकून त्यांनी विचारलं, "तुमचं कॅल्शियमही जास्त आहे. घरात कुणाला मुतखडा?"

"माझ्या भावाला आहे. दोनदा काढला."

"आई-वडील?"

मी आईचं सांगायला लागले आणि सांगता सांगता माझाच आवाज मला परका वाटायला लागला.

आम्ही मूळचे मालेगावचे. वडील एका शाळेत शिपाई होते. आईला पहाटे झटके यायचे. ती असंबद्ध बोलायची, भांडी फेकायची, कधी दारातच बसून राहायची. गल्लीतल्या बाया म्हणायच्या, बाहेरचं आहे, भगताकडे न्या. वडील तसलं मानत नव्हते. ते तिला वेड्यांच्या डॉक्टरकडे घेऊन गेले आणि तिला गोळ्या सुरू झाल्या. आई गूळ खायची. सकाळी उठून डब्यातून मुठीने गूळ काढून खायची. ती जाड होत चालली होती, बाया हसायच्या. कुठल्याशा डॉक्टरने वजन कमी करा म्हणून सांगितलं होतं. मी दहावीत होते आणि मला आईची लाज वाटायची. मी गुळाचा डबा लपवायला लागले. कधी कोठीच्या मागे, कधी माझ्या दप्तराच्या पेटीत. आई डबा शोधत घरभर फिरायची आणि मी अभ्यास करतेय असं दाखवायचे. त्याच वर्षी ती एका पहाटे झोपेतच गेली. त्या दिवशी डबा कुठे होता, हे मला आठवत नाही. मी खूप आठवून पाहिलंय.

मॅडमनी माझ्यासमोर पाण्याचा ग्लास सरकवला. मग म्हणाल्या, "तुम्ही लहान होतात, आणि तेव्हा कुणालाच माहीत नव्हतं." दोन्ही खरं होतं. मला त्याचा काही उपयोग झाला नाही.

स्कॅन झाले. घशातून दुर्बीण घालून आतून सोनोग्राफी झाली. गाठ एक नव्हती. तीन होत्या, आणि त्याही एका जागी नव्हत्या. मॅडम म्हणाल्या, हा घराण्यातून येणारा आजार असावा, रक्ताची आणखी एक तपासणी पाठवू, पण आधी ऑपरेशन. त्यांनी आम्हाला सर्जनकडे पाठवलं.

सर्जन पन्नाशीचे असतील, हळू बोलणारे. त्यांनी एका पाकिटाच्या मागच्या बाजूला चित्र काढलं. "मुळा आडवा ठेवलाय असं समजा. हे डोकं, उजवीकडे. ही शेपूट, डावीकडे प्लीहेपाशी. तुमची एक गाठ डोक्यात आहे, दोन शेपटीत. मधला भाग मला स्वच्छ दिसतोय."

मिस्टर म्हणाले, "साहेब, मग सगळंच काढून टाका ना. कटकट नको."

माझ्याही मनात तेच होतं. ज्या अवयवाने माझी मुलगी माझ्यापासून तोडली तो मला पोटात नको होता.

"काढता येतं," सर्जन म्हणाले. "पण मग शरीरात इन्सुलिनचा थेंब राहणार नाही. दिवसातून चार-पाच वेळा सुई, जन्मभर. जेवताना पचनाच्या गोळ्या. आणि ताई, ज्याला तुम्ही घाबरता ना, साखर एकदम खाली जाणं, ते तेव्हाही होईल. कारण ती सावरणारंही शरीरात काही उरणार नाही. सुईचा डोस जरा चुकला, जेवायला उशीर झाला, की झालं."

मी विचारलं, "दुसरं काय करता येईल?"

"डोक्यातली गाठ तेवढी कोरून काढायची. शेपूट कापायची, जमलं तर प्लीहा वाचवायची. मधला भाग ठेवायचा. जेवढं राखता येईल तेवढं राखायचं."

"आणि ठेवलेल्या भागात उद्या नवीन गाठ आली तर?"

"येऊ शकते," ते म्हणाले. त्यांनी त्यात पाणी घातलं नाही. "आणखी एक सांगतो. डोक्यातली गाठ स्वादुपिंडाचा रस वाहून नेणाऱ्या नळीच्या फार जवळ आहे. नळी दुखावणार असं आत गेल्यावर दिसलं, तर डोकंही काढावं लागेल. मग आतड्याची जोडणी वगैरे, मोठं काम. ते आत्ता मी सांगू शकत नाही. तुम्ही दोन्हीला सही करून द्यायची."

म्हणजे जागी झाल्यावरच मला कळणार होतं की माझ्यात काय उरलंय. संमतीपत्र मी तीनदा वाचलं. त्यात 'स्वादूपिंड' असं दीर्घ दू काढून लिहिलं होतं. माझा हात दुरुस्त करायला गेला आणि मी तो मागे घेतला.

ऑपरेशनला पंधरा दिवस होते. त्या पंधरा दिवसांत मी दर तीन तासांनी खात होते. मोबाईलला गजर लावलेले होते, मिस्टरांच्याही मोबाईलला लावलेले होते. झोप लागेल या भीतीने झोप येत नव्हती. विहारातल्या बाया भेटायला आल्या. एकजण म्हणाली, "त्या दिवशी अष्टशील घेतलं नसतं तर एवढं झालं नसतं." दुसरी म्हणाली, "घेतलं म्हणून तर सापडलं." दोघींचं त्यावरून थोडं वाजलं. मी ऐकत बसले आणि खजूर खात राहिले.

ऑपरेशनच्या दिवशी सकाळी मुलगी हॉस्पिटलात आली. सिस्टर म्हणाल्या होत्या, केस बांधून टाका. मुलगी कंगवा घेऊन माझ्या मागे पलंगावर चढली. कित्येक महिन्यांत ती माझ्या इतकी जवळ आली नव्हती. तिचे हात थंड होते. तिने माझ्या दोन वेण्या घातल्या, शाळेतल्या मुलींसारख्या, आणि टोकाला स्वतःचे रबर लावले.

"मम्मी, त्या दिवशी मला लागलं नव्हतं जास्त," ती मागूनच म्हणाली.

मी म्हटलं, "मला माहीत आहे तुला लागलं होतं."

वेणी घट्ट ओढली गेली.

स्ट्रेचरवरून नेताना मी त्रिशरण म्हणायला सुरुवात केली आणि मध्येच विसरले. लहानपणापासून रोज म्हटलेलं. मला वाटलं, पुन्हा साखर खाली गेली. मी ओरडून सांगायचा प्रयत्न केला की माझी साखर बघा. भूल देणाऱ्या डॉक्टरांनी बघितली. एकशे दहा होती. "तुम्ही घाबरलाय, बाकी काही नाही," ते म्हणाले. मग मला कळलं की आजार आणि भीती यांतला फरकही मला आता ओळखता येत नाही.

जागी झाले तेव्हा नाकात नळी होती, घसा सोललेला होता, पोट माझं नव्हतं. मिस्टर बाजूला उभे होते, तोंडाला मास्क होता. मला एकच गोष्ट विचारायची होती. आवाज फुटेना. मी त्यांच्या तळहातावर बोटाने लिहिलं, मधला? त्यांना कळलं नाही. मी परत लिहिलं. सिस्टरांनी कागद-पेन आणून दिलं. अक्षर खाली उतरत गेलं. मला तो फळा आठवला आणि मी पेन टाकून दिलं.

सिस्टर म्हणाल्या, "ताई, घाबरू नका. साखर दोनशे दहा आहे. वरच गेलीय."

मिस्टरांनी कागद दिव्यासमोर धरला, वाचला आणि एक-एक शब्द सुटा करून सांगितलं, "मधला आहे. डोकंही आहे. गाठ कोरून निघाली. प्लीहासुद्धा आहे. सगळं सांगतो, आधी झोप."

दुसऱ्या दिवशी सर्जन आले. त्यांनी सांगितलं, आत गेल्यावर त्यांनी सोनोग्राफीचा छोटा प्रोब थेट स्वादुपिंडावर ठेवून सगळं तपासलं. शेपटीत स्कॅनला न दिसलेली चौथी गाठ मिळाली, वाटाण्याएवढी. ती कापलेल्या भागातच होती. डोक्यातल्या गाठीत आणि नळीत जेमतेम जागा होती, पण होती. शेवटची गाठ निघाल्यावर टेबलावरच साखर चढायला लागली, तेव्हा त्यांना खात्री पटली. मी हात जोडले. मला वाटलं, संपलं.

चार दिवसांनी पोटातून बाहेर काढलेल्या नळीतलं पाणी बदललं. आधी ते गुलाबी होतं, मग तांदूळ धुतल्यासारखं, मग राखाडी. नवव्या दिवशी हुडहुडी भरून ताप आला. दात एकमेकांवर आपटत होते, पलंग वाजत होता. मला स्कॅनला नेलं आणि बरगडीच्या खालून दुसरी नळी घातली. मिस्टरांचा तोल त्या दिवशी पहिल्यांदा गेला. ते सर्जनना म्हणाले, "तुम्ही म्हणाला होता सगळं नीट झालं."

"नीटच झालंय," सर्जन म्हणाले. "पण राखलं की हे होऊ शकतं. जिथून गाठ कोरली तिथून स्वादुपिंडाचा रस झिरपतोय. तो अन्न पचवणारा रस आहे, पोटात साठला की आतलं सगळं भाजतो. म्हणून बाहेर काढायचा आणि वाट बघायची. सगळं काढलं असतं तर झिरपायला काही उरलंच नसतं."

"किती दिवस?"

"आठवडे म्हणा."

त्या आठवड्यांतली भीती मी नीट सांगू शकत नाही. आधीच्या भीतीला निदान झटका यायचा आणि जायचा. ही सतत पिशवीत साठत होती, मला दिसत होती. रात्र-दिवस कळ यायची. तेलातुपाचं काही नाही, भात आणि मुगाचं पाणी. आपण सगळं काढू दिलं असतं तर बरं झालं असतं, असं मला रोज वाटायचं आणि मी रोज ते कुणाला सांगत नव्हते. घरी आल्यावर पिशवी रिकामी करायचं काम मुलीने घेतलं. हातमोजे घालून ती मापाच्या भांड्यात पाणी ओतायची, किती मिली ते वहीत लिहायची आणि वास येत असला तरी नाक वाकडं करायची नाही. एकशे चाळीस. एकशे तीस. एकशे साठ. वाढलं की ती वही मला दाखवायची नाही. त्यावरून मला कळायचं.

हॉस्पिटलात असतानाच भाऊ मालेगावहून आला होता. त्याचं सायकलचं दुकान आहे. तो पलंगाच्या पायथ्याशी बसला आणि बराच वेळ नळ्यांकडे बघत राहिला. मी त्याला मॅडम काय म्हणाल्या ते सांगितलं. हा आजार घराण्यातून येतो, तुझा मुतखडा त्यातलाच असेल, आईलाही बहुतेक हेच होतं.

तो म्हणाला, "म्हणजे आई येडी नव्हती."

"नव्हती."

"आपण तिला येडी म्हणून वागवली."

मी मान हलवली. गुळाच्या डब्याचं मी त्याला सांगितलं नाही. अजूनही सांगितलेलं नाही.

मी म्हटलं, "दादा, तूही तपासून घे."

"मला काय झालंय? मुतखडा कोणाला नाय?" तो उठला. "लय लांबचा रस्ता हाय, निघतो." दारापर्यंत गेला, परत आला, माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि गेला. तपासायला तो पुढे सात महिन्यांनी आला, तिसऱ्यांदा खडा झाल्यावर. त्याच्या गळ्यातल्या, कॅल्शियम वाढवणाऱ्या ग्रंथींचं ऑपरेशन झालं. स्वादुपिंडात अजून तरी काही नाही.

सहाव्या आठवड्यात वहीतला आकडा वीसवर आला, मग दहावर, मग नळी निघाली. जखमेचं भोक आपोआप मिटलं. मी दिवाळीनंतर शाळेत गेले. पहिल्या दिवशी मी फळ्यावर एक ओळ लिहायचे आणि मागे सरकून ती सरळ आहे का ते बघायचे. एका मुलीने विचारलं, "मॅडम, आता तुम्ही नीट झालात?" मी म्हटलं, "हो." ती म्हणाली, "त्या दिवशी आम्ही हसलो होतो." मी म्हटलं, "मला माहीत आहे, बस खाली."

राहिली होती ती मुलगी. म्हणजे तिची तपासणी. माझ्या रक्तात तो दोष निघाला होता, आणि मॅडमनी सांगितलं होतं की मुलीत उतरण्याची शक्यता निम्मी-निम्मी. मिस्टर म्हणायचे, तिची दहावी होऊ दे. मी हो म्हणायचे, कारण मलाही कळून घ्यायचं नव्हतं. शेवटी मुलगीच म्हणाली, "मला उद्या चक्कर आली तर तुम्ही दोघं काय करणार? गोळ्या मोजणार?" तिला ते माहीत होतं हे आम्हाला माहीत नव्हतं.

रक्त दिलं. अहवाल यायला काही आठवडे लागले. मॅडमच्या केबिनमध्ये पाकीट तिनेच मागून घेतलं. तिने ते शेवटपर्यंत वाचलं आणि मॅडमना विचारलं, "पॉझिटिव्ह म्हणजे आहे ना?"

"आहे," मॅडम म्हणाल्या. "आजार झालाय असं नाही. होऊ शकतो. म्हणून दरवर्षी तपासायचं. तुझ्या आईचं कळायला जेवढा उशीर झाला तेवढा तुझ्या बाबतीत होणार नाही."

मिस्टर खिडकीबाहेर बघत होते. मला वाटलं आता मी रडेन, पण मला घाम फुटला होता आणि मी सवयीने पर्समध्ये साखरेची पुडी शोधत होते. मुलगी म्हणाली, "चला, नाश्ता करू. मी सकाळपासून उपाशी आहे." त्या एका शब्दावर आम्ही दोघंही तिच्याकडे वळलो. ती म्हणाली, "अहो, भूक लागलीय फक्त."

त्याला आता दोन वर्षं होतील. तिच्या दोन्ही तपासण्या चांगल्या आल्या. माझी साखर नीट आहे, सुई लागत नाही, वजनही उतरलं. मात्र गेल्या वेळच्या स्कॅनमध्ये त्या राखलेल्या मधल्या भागात एक ठिपका दिसला. मोहरीएवढा. सर्जन म्हणाले, काही करायचं नाही, बघत राहायचं, सहा महिन्यांनी पुन्हा. मी विचारलं, "तेव्हा मोठा झाला असेल तर?" ते म्हणाले, "तेव्हाचं तेव्हा. अजून राखण्यासारखं बरंच आहे तुमच्याकडे." मला पुन्हा रात्री जाग येते. अहवालाच्या आधीचा आठवडा सगळ्यात वाईट जातो. मिस्टर त्या आठवड्यात ओव्हरटाइम घेत नाहीत.

या जूनमध्ये मुलगी डिप्लोमाला पुण्याला गेली, होस्टेलवर. जायच्या आधी मी तिच्या वॉर्डन मॅडमना एक पत्र लिहिलं. स्वच्छ अक्षरात, पानभर. मुलीला कुठला दोष आहे, आजवर काही झालेलं नाही, पण कधी ती सकाळी उठली नाही, असंबद्ध बोलायला लागली, चिडली, ओळखेनाशी झाली, तर ती नाटक करतेय किंवा तिने काही घेतलंय असं समजू नका. शुद्धीवर असेल तर आधी साखर द्या, मग विचारा. शुद्ध नसेल तर तोंडात काही घालू नका, हॉस्पिटलात न्या आणि साखर तपासायला सांगा. खाली आमच्या दोघांचे नंबर.

मुलीने पत्र वाचलं, माझ्या हातातून पेन घेतलं आणि दोन वाक्यं खोडली. माझ्या आईबद्दलची.

"एवढं घाबरवू नकोस त्यांना," ती म्हणाली.

बाकीचं तिने तसंच ठेवलं. मी पत्र पुन्हा नव्याने लिहून काढलं, ती दोन वाक्यं गाळून, आणि तिच्या बॅगेत वरच्या कप्प्यात ठेवलं.